अपेक्षाभंगाचा अधिकार आणि शिफारशीचे ऋण

चार वाचक एकत्र जमले आणि कादंबरीचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन टप्प्यांनी पुढे जाते. प्रथम कोणीतरी नुकत्याच वाचलेल्या, गाजलेल्या कादंबरीने आपली कशी निराशा केली ते सांगतो. दुसरा मान डोलावतो, तिसरा आणखी एका पुस्तकाची त्यात भर घालतो. मग सूर बदलतो आणि जुनी नावे निघतात : हरिभाऊ वाचा, पेंडसे वाचा, टॉलस्टॉय वाचा. बैठक संपते आणि मंडळी समाधानाने घरोघर जातात. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही नैतिक प्रश्न दडला असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. आवडीनिवडीचा मामला म्हणून आपण तो सोडून देतो.

वस्तुतः या साध्या बोलण्यात दोन गंभीर कृती आहेत. ‘या पुस्तकाने निराशा केली’ असे म्हणणे हा एका अनुपस्थित माणसाच्या कित्येक वर्षांच्या श्रमावर दिलेला निवाडा आहे. ‘त्यापेक्षा हे वाचा’ असे म्हणणे ही दुसऱ्याच्या आयुष्यातील काही तासांविषयी घेतलेली हमी आहे. निवाडा देण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो आणि हमी घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहेत. आपल्या भागापुरता त्यांना एक तिसराही प्रश्न जोडला गेला आहे, आणि तोच अधिक जिव्हाळ्याचा आहे.

संतपूर, औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि पलीकडे आळंदपर्यंत पसरलेल्या जुन्या मराठी घराण्यांना भाषेचा प्रश्न कधीच सरळ नव्हता. निजामी अमलात शाळेची व कचेरीची भाषा उर्दू, बाजारात कन्नड आणि दख्खनी, घरात मराठी. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यासह तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिलो. आता अनेक घरांतील मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी पुस्तक हे त्यांच्या वाट्याला अभ्यास म्हणून येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून आले तरच येते.

अशा ठिकाणी एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. आधीच मराठी वाचणारे थोडे. त्यात आपणच मराठी कादंबऱ्यांना नावे ठेवू लागलो तर मुले वाचतील कशाला? जे लिहिले जात आहे त्याचे कौतुक करावे, दोष पोटात घालावेत, आणि फारच झाले तर जुन्या थोरांची नावे पुढे करावीत. या युक्तिवादामागील कळकळ खोटी नाही. म्हणूनच तो झटकून न टाकता तपासला पाहिजे. लहान भाषिक समाजाने आपल्या पुस्तकांशी सत्याने वागावे की मायेने, असा तो तिसरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम निराशा म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरांत कादंबरीच्या फार आधीपासून वाचनाची एक रीत आहे, ती पारायणाची. गाणगापूर आपल्या शेजारचेच, आणि ‘गुरुचरित्र’ हा तर आपल्या मुलखाचाच ग्रंथ. त्यातील बिदरच्या बादशहाची कथा येथे कोणाला ठाऊक नाही? सात दिवस ठराविक अध्याय, ठराविक वेळ, सोवळेओवळे. या वाचनात ‘ग्रंथाने निराशा केली’ असे वाक्य संभवतच नाही. मन लागले नाही तर दोष मनाचा. पोथीपुढे वाचक परीक्षेला बसलेला असतो.

कादंबरी आली ती निराळा करार घेऊन. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी वाचकाला प्रथमच असे पुस्तक मिळू लागले की जे पुण्य देत नाही, विद्या देतेच असे नाही, फलश्रुती सांगत नाही. फक्त ‘मी रचलेल्या माणसांवर काही काळ विश्वास ठेव’ एवढेच मागते आणि त्या बदल्यात काही देण्याचे वचन देते. येथे परीक्षेला पुस्तक बसलेले असते. निराशेचा जन्म या करारातून होतो. ज्याने वचनच दिले नाही त्याच्याकडून वचनभंगही होत नाही. म्हणून कादंबरीविषयी निराश होता येणे हा वाचकाचा उर्मटपणा नव्हे. या वाङ्मयप्रकाराने त्याला स्वतःहून दिलेला तो अधिकार आहे.

पण अधिकार आहे म्हणजे त्याचा प्रत्येक वापर योग्य असतो असे नाही. निराशांच्या जाती वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली निराशा पुस्तकाने स्वतः दिलेले वचन मोडल्याची. एखादी कादंबरी पहिल्या शंभर पानांत एका स्त्रीच्या मनातील गुंता असा उभा करते की तो कसा सुटेल याची ओढ लागावी, आणि शेवटी योगायोगाने एक अपघात घडवून मोकळी होते. तेथे तक्रार न्याय्य आहे. दुसरी निराशा पुस्तकाच्या नावाने इतरांनी दिलेले वचन मोडल्याची : वेष्टनावरील स्तुती, पुरस्काराची बातमी, लेखकाच्या आधीच्या पुस्तकाची कीर्ती. १९६३ च्या ‘कोसला’चे आणि तिच्यानंतरच्या चांगदेव चतुष्टयाचे वाचक भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’ची अनेक वर्षे वाट पाहत होते. २०१० साली तिचा पहिला भाग आला तेव्हा वाचकांत दोन तट पडले. त्या वादात जे नाराज होते त्यांपैकी काहींची नाराजी समोरच्या पुस्तकावर होती, आणि काहींची आपल्या मनात इतकी वर्षे वाढलेल्या एका न लिहिलेल्या पुस्तकामुळे होती. या दोहोंची गल्लत केली तर निवाडा चुकतो.

तिसरी निराशा वाचकाच्या खाजगी गरजेची. १७६० च्या उदगीरच्या लढाईविषयी भरपूर काही मिळेल म्हणून पेशवाईवरील कादंबरी उघडणारा आपल्याकडील वाचक, ती लढाई चार ओळींत आटोपली की खट्टू होतो. हे खट्टू होणे स्वाभाविक आहे; पण त्याने कादंबरी वाईट ठरत नाही. चौथी निराशा सर्वांत फसवी. पुस्तकाने आपल्या स्वतःविषयीच्या कल्पनेला धक्का दिला की आपण त्याला निराशा असे सौम्य नाव देतो. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातील घालमेल त्यात उघडपणे मांडलेली होती. केवढे वादळ उठले! वाङ्मयीन अपेक्षाभंग हे त्या संतापाचे कारण नव्हते. घरातील मुलगी काय विचार करते हे वाचून समाजाला स्वतःचा चेहरा आवडला नाही, इतकेच. आज त्या वादळातील आक्षेप कोणी वाचत नाही, पुस्तक मात्र वाचले जाते.

या चारांपैकी पहिलीच निराशा पुस्तकाविषयी काही सांगते. उरलेल्या तीन वाचकाविषयी, बाजाराविषयी आणि समाजाविषयी सांगतात. तेव्हा ‘निराशा झाली’ असे म्हणणाऱ्याचे पहिले कर्तव्य हे की, यांपैकी कोणती, हे त्याने स्वतःला विचारावे.

येथे एक आक्षेप येईल. सामान्य वाचकाला इतके पृथक्करण जमावे कसे? त्याला फक्त एवढेच कळते की कोठेतरी काहीतरी बिनसले आहे. या आक्षेपाला डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ सालच्या अभिरुचीवरील निबंधात एक सुंदर उत्तर देऊन ठेवले आहे. त्यासाठी त्याने सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोटे’तील सांको पांझाची गोष्ट घेतली. सांकोच्या दोघा नातलगांना एका पिंपातील मद्याची चव पाहायला सांगितले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित कातड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण लोखंडाची चव येते. लोकांनी दोघांची टर उडवली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, कातडी वादी बांधलेली. दोघांनाही किल्ली दिसली नव्हती. पण दोघांच्याही जिभेने खोटे सांगितले नव्हते. सामान्य वाचकाची निराशा पुष्कळदा अशी असते. कारण सांगता आले नाही तरी ती खरी असू शकते. मात्र या गोष्टीतील एक बारकावा विसरू नये : दोघांनीही ‘मद्य उत्तम’ हे आधी कबूल केले, आणि चव कशाची ते नेमके सांगितले. ‘काही दम नाही’ असे म्हणून पेला खाली ठेवला नाही. निराशा नेमकी असावी, एवढी अपेक्षा सामान्य वाचकाकडूनही करता येते.

नेमक्या निराशेचाही निवाडा अपुरा कसा ठरू शकतो, याचे आपल्या वाङ्मयातील उदाहरण म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. १९३१ साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरले, म्हणजे आपल्या तेव्हाच्या राजधानीत. त्याचे अध्यक्ष केतकर होते. त्यांनी ‘ब्राह्मणकन्या’, ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरी म्हणून त्या वाचकाला निराश करतात, हे म्हणणे खोटे नाही. रचना सैल, संवाद व्याख्यानासारखे, भाषा ओबडधोबड. पात्रे बोलता बोलता समाजशास्त्राचा पाठ देऊ लागतात. फडके-खांडेकरांच्या घाटदार कादंबरीवर पोसलेल्या वाचकाने ती पुस्तके बाजूला ठेवली तर त्याला दोष कसा द्यावा? तरीही १९६७ साली दुर्गाबाई भागवतांनी ‘केतकरी कादंबरी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहून त्या कादंबऱ्यांकडे पुन्हा पाहायला लावले. जातिबाह्य संबंधांतून जन्मलेली माणसे, परदेशी गेलेली माणसे, समाजाच्या काठावर फेकली गेलेली माणसे : ज्यांच्याकडे त्या काळची सुघड कादंबरी क्वचितच वळली, ती केतकरांच्या बेढब कादंबरीत उघड्या डोळ्यांनी वावरत होती. दोष होते ते होतेच. दुर्गाबाईंच्या लिहिण्याने ते नाहीसे झाले नाहीत. एवढेच कळले की, त्या पुस्तकांनी दिलेले वचन निराळे होते आणि वाचकाने त्यांना भलत्याच वचनाचा जाब विचारला होता.

यावरून असा निष्कर्ष काढायचा का, की निवाडा देऊच नये, काळावर सोडावे? तसे नाही. निवाडा द्यावा, पण तो फेरतपासणीला मोकळा ठेवावा. ‘डॉन किहोटे’च्या पहिल्या भागात, १६०५ साली, सर्व्हांटिसने याचा एक मासला दाखवला आहे. पुस्तके वाचून डोके फिरलेल्या नायकाचा ग्रंथसंग्रह गावचा पाद्री आणि न्हावी तपासतात व बहुतेक पुस्तके जाळायला धाडतात. त्यात खुद्द सर्व्हांटिसचे १५८५ सालचे ‘गालातेया’ हे पुस्तक निघते. पाद्री म्हणतो की लेखक माझा जुना स्नेही आहे, पुस्तकात कल्पकता आहे, पण ते आरंभ करते आणि कोठेच पोहोचत नाही. दुसरा भाग येईतो ठेवून देऊ. स्नेह लपवलेला नाही, दोष लपवलेला नाही, आणि दारही बंद केलेले नाही. आपल्या माणसाच्या पुस्तकाविषयी कसे बोलावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. सत्य की माया? या प्रश्नाची मांडणीच मला सदोष वाटते. कारण ती गृहीत धरते की कठोर बोलण्याने लहान समाजाच्या वाङ्मयाचे नुकसान होते. आपल्या मुलखाचा इतिहास तसे सांगत नाही. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ साली परभणी जिल्ह्यातील सातोन्याचा. शिक्षण हैदराबादला मॅट्रिकपर्यंत, पोट भरायला निजाम सरकारच्या बांधकाम खात्यातील नोकरी. उर्दूच्या राज्यात राहून त्यांनी मराठीत कविता, कथा आणि ‘आडगावचे चौधरी’, ‘जगाला कळले पाहिजे’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या कादंबऱ्यांवर कोणी कोरडे ओढले म्हणून त्या मागे पडल्या असे झालेले नाही. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयव्यवहारात त्यांच्याविषयी पुरेसे बोललेच गेले नाही. लेखकाला टीका मारीत नाही, मौन मारते. आणि दोष पोटात घालून केलेले सरसकट कौतुक हे मौनाचेच एक गोड रूप आहे. कारण ज्याचे सगळेच चांगले त्याच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही.

याच्या उलट बाजूला नरहर कुरुंदकर उभे आहेत, तेही आपल्या शेजारच्या नांदेडचे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली त्यांची प्रस्तावना मुळात लेखकाला लिहिलेले प्रदीर्घ पत्र आहे. शिवचरित्रावर कादंबरी लिहू पाहणाऱ्याने कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागेल, हे त्यात त्यांनी विचारले. १९७१ च्या ‘धार आणि काठ’मध्ये त्यांनी सगळ्या मराठी कादंबरीचीच झडती घेतली. लाडक्या लेखकांनाही त्यांनी सोडले नाही, आणि तरी हे पुस्तक वाचून मराठी कादंबरी वाचणे सोडले असा माणूस सापडणार नाही. ती पुन्हा वाचावीशी वाटते. मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात बसून त्यांनी दाखवून दिले की, जिच्याकडून आपण मोठी अपेक्षा करतो तिच्यावरच रागावतो. ज्या भाषेकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही तिच्या पुस्तकाविषयी माणूस निराश होत नाही. तो फक्त दुसऱ्या भाषेकडे वळतो. म्हणून संतपुरातील एखादा मुलगा चिडून म्हणाला की अमुक मराठी कादंबरी वाचून माझा वेळ वाया गेला, तर वडीलधाऱ्यांनी दुखावून न जाता हे लक्षात घ्यावे की, त्याचे मराठीशी नाते अजून शाबूत आहे. काळजी करावी ती तो गप्प राहील तेव्हा.

निराशेनंतर शिफारस येते. येथे आपले पाय अधिक घसरतात, कारण शिफारस करणे फुकटचे वाटते. ते फुकटचे नाही. साधा हिशेब करू. संसार, शेती, नोकरी सांभाळून माणूस वर्षाला दहा कादंबऱ्या वाचतो असे धरले, आणि चाळीस वर्षे वाचतो असे धरले, तर आयुष्यात चारशे होतात. जगातील, नव्हे एकट्या मराठीतील चांगल्या पुस्तकांपुढे हा आकडा किती लहान आहे! शोपेनहॉवरने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या वाचनावरील निबंधात हाच मुद्दा कडवटपणे मांडला होता : आयुष्य अपुरे आहे, म्हणून काय वाचू नये हे कळणे ही एक कलाच आहे. मी कोणाला एखादी कादंबरी सुचवतो तेव्हा त्या चारशेंपैकी एक जागा मी त्याच्या वतीने खर्च करतो. आपल्या व्यवहारात सावकाराकडे दुसऱ्यासाठी जामीन राहण्याची रीत होती, आणि जामीन राहणारा माणूस दहादा विचार करी. शिफारस हे तसेच जामीन राहणे आहे. ऋणको पुस्तक, धनको वाचक, आणि बुडाले तर पत आपली जाते. त्या पतीतच आपल्या घरांतील मराठी वाचनाची परंपरा साठलेली आहे.

जामीन राहणाऱ्याने आधी स्वतःचे हेतू तपासावेत. पुष्कळ शिफारशी शिफारशी नसतातच. काही आपले वाचन दाखवण्यासाठी असतात. काही समोरच्या तरुणाचे बोलणे थांबवण्यासाठी असतात. ‘आधी हरिभाऊ वाच, मग बोल’ हे वाक्य वाचनाचे आमंत्रण वाटत असले तरी ते दार लावून घेणे आहे. आणि काही केवळ आपल्या तरुणपणाची आठवण म्हणून असतात. पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेली आणि पुन्हा कधी न उघडलेली कादंबरी सुचवताना आपण पुस्तकासाठी जामीन राहत नाही. आपल्या पंचविशीसाठी राहतो. म्हणून नियम असा असावा की, ज्या जुन्या लेखकाचे नाव आपण घेतो त्याची निदान काही पाने अलीकडच्या दोन-चार वर्षांत आपण पुन्हा वाचलेली असावीत.

दुसरे, शिफारशीत अडचणही सांगावी. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आलेली कादंबरी आहे. तिचा संथपणा, तिची वळणे ही आठवड्या-आठवड्याने वाचणाऱ्या वाचकासाठी होती. हे न सांगता आजच्या मुलीच्या हाती ते जाड पुस्तक दिले तर पन्नास पानांत ती कंटाळेल आणि दोष स्वतःला तरी देईल किंवा मराठीला तरी. ‘रोज एक प्रकरण वाच, यमू स्वतः बोलते आहे असे समजून वाच’ एवढे सांगितले तर कदाचित तिला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा आवाज ऐकू येईल. ज्याला वेळ थोडा आणि मन अस्वस्थ, त्याला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ सांगावी. १९३९ सालची, छोटीशी. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी. द्वेषाने माणसे देशोधडीला कशी लागतात हे समजायला त्या मुलाला प्रस्तावनेची गरज पडणार नाही. ज्याचे घर शेतीत आहे त्याला ‘बनगरवाडी’ किंवा उद्धव शेळक्यांची ‘धग’ द्यावी. मात्र ‘धग’ची वऱ्हाडी बोली पहिली वीस पाने अडेल, मग कौतिक स्वतःच हात धरून नेईल, हे आधी सांगून ठेवावे. थोर लेखकांची यादी एकच असेल. पण शिफारस माणूस पाहून बदलली पाहिजे. औषधाचे नाव सगळ्यांना सारखे सांगणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची. आपली मुले कन्नड सहज वाचतात. शिवराम कारंतांची ‘चोमन दुडी’ ही १९३३ सालची कादंबरी त्यांना मुळातून वाचता येते. स्वतःची जमीन कसण्याची आस धरणाऱ्या आणि ती मनातच राहिलेल्या अस्पृश्य चोमाची ती कथा पुण्यातील वाचकाला अनुवादातून वाचावी लागते. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. आपल्याकडे त्या दोन्ही भाषांत वाचून ताडून पाहण्याची सोय आहे. मराठी कादंबरीने निराश झालेल्या मुलाला आपण कन्नडमधील थोर लेखक सुचवला तर तो मराठीचा द्रोह होतो काय? मला तसे वाटत नाही. ‘गुरुचरित्र’ लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती असे अभ्यासक मानतात, आणि हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा तिन्ही बोलींत पदे रचली. या मुलखात भाषेच्या सीमा ओलांडणे ही जुनी रीत आहे. चांगल्या कन्नड कादंबरीने ज्याची चव तयार झाली तो वाचक मराठीकडे अधिक डोळसपणे परत येतो. वाईट मराठी कादंबरी निष्ठेपायी गिळायला लावलेला परत येत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. शिफारस केलेल्या थोर लेखकानेच निराशा केली तर? टॉलस्टॉयने १९०६ साली शेक्सपिअरवर निबंध प्रसिद्ध केला. आयुष्यभर वेगवेगळ्या भाषांत, पुन्हा पुन्हा वाचूनही आपल्याला शेक्सपिअर कंटाळवाणा आणि किळसवाणा वाटतो, असे त्याने त्यात प्रांजळपणे सांगितले. १९४७ साली जॉर्ज ऑर्वेलने त्याला उत्तर दिले. टॉलस्टॉयचा राग नेमका ‘किंग लिअर’वरच का, याचा शोध त्याने घेतला, राज्य सोडून देणाऱ्या त्या म्हाताऱ्या राजात टॉलस्टॉयला स्वतःचे काही दिसले असावे, असे त्याने सुचवले. शेक्सपिअर टिकला, टॉलस्टॉयही टिकला, आणि त्या निराशेने वाङ्मयाला एक उत्तम निबंध मिळाला. टॉलस्टॉयला जर शेक्सपिअरविषयी निराश होण्याचा हक्क असेल, तर आपल्या नातवाला १९५९ च्या ‘ययाति’विषयी तो का नसावा? खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार या कादंबरीसाठी मिळाला, ही गोष्ट खरी. पण ‘सुभाषिते फार आहेत, माणसे कमी आहेत’ असे कोणी तरुण वाचून म्हणाला, तर त्याचे उत्तर पुरस्काराचे नाव घेऊन देता येत नाही. देवयानीचा एखादा प्रसंग उघडून, ‘येथे माणूस आहे की नाही ते पाहा’ असे म्हणूनच ते देता येते. आणि तरीही त्याला पटले नाही, तर तेथे थांबावे.

थांबण्याऐवजी ‘तुझीच पात्रता नाही’ असे आपण म्हटले, की त्या क्षणी आपण कादंबरीची पोथी केली. मग तिचे पारायण होईल, वाचन होणार नाही. पोथीला तिचे स्थान आहे. ते तिने शतकानुशतकांच्या श्रद्धेने मिळवले आहे. हरिभाऊ, केतकर, बेडेकर यांनी ते मागितलेलेच नव्हते. त्यांनी वाचकाचा विश्वास मागितला होता, आणि विश्वास हा नेहमी नाकारला जाण्याची शक्यता स्वीकारूनच मागितला जातो. ही शक्यता काढून घेणे हा त्या लेखकांचा मान नव्हे.

मग आपल्यासारख्या छोट्या मंडळाने व्यवहारात काय करावे? ग्रंथालयात एक साधी वही असावी. निराश झालेल्या वाचकाने तीत पुस्तकाचे नाव, कोणत्या पानापर्यंत वाचले, पुस्तकाने कोणते वचन दिले होते असे वाटले आणि ते कोठे मोडले, एवढे लिहावे. अर्धवट सोडले तर सोडले असे लिहावे. त्यात कमीपणा नाही, पूर्ण वाचल्याचा आव आणण्यात आहे. शिफारस करणाऱ्याने आपले नाव, कोणासाठी शिफारस आणि कोठे अडखळायला होईल, ते लिहावे. काही वर्षांनी तीच पाने पुन्हा उलटावीत. काही निवाडे तेव्हा खोटे ठरलेले दिसतील, काही जामीन बुडालेले दिसतील. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. वाचणाऱ्या समाजाची वही अशीच असते. ती कोरी राहिली तर मात्र मुलांच्या हाती ठेवायला आपल्याजवळ थोर लेखकांची नावे तेवढी उरतील.